गाठ दाखवायला आलेल्या बाईला दारूचं कशाला विचारायचं?

स्तनात गाठ हाताला लागली म्हणून एखादी बाई धुळ्याच्या नाहीतर जळगावच्या सिव्हिलला गेली, की केसपेपर भरताना तिला ठरलेले प्रश्न विचारले जातात. वय किती, पाळी चालू आहे की गेली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, अंगावर किती दिवस पाजलं, आई-मावशी-बहिणीत कोणाला कॅन्सर होता का, मिश्री-तंबाखू आहे का. दारूचा प्रश्न बहुधा राहून जातो. विचारलाच तर नवऱ्याबद्दल विचारतात.

त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतो असं नाही. खान्देशात बाई आणि दारू असं म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पिऊन आलेला नवरा, त्याच्यापायी सावकाराकडे गेलेली पोत, नाहीतर गावातली दारू बंद व्हावी म्हणून ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारायला रांगेत उभ्या राहिलेल्या बाया. बाई स्वतः घेते हे चारचौघांत कोणी बोलत नाही. नर्सताईंनी धीर करून विचारलं तरी उत्तर ठरलेलं असतं: “नही वं माय, आम्ही काय दारू पेतस का?” सोबत सासू किंवा नणंद बसलेली असताना दुसरं उत्तर येणार तरी कसं?

तरीही हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो नीट विचारायचा तर फोनचा किंवा टॅब्लेटचा चांगला उपयोग होऊ शकतो. तो कसा, हे सांगायच्या आधी मुळात दारूचा आणि स्तनाचा संबंध काय ते पाहू. कारण पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही दारू म्हटलं की फक्त लिव्हर आठवतं.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिओं शहरात आहे. तिने 1988 साली मद्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे पक्कं ठरलेल्या गोष्टींच्या यादीत. तंबाखूही त्याच यादीत आहे. तेव्हा मद्याच्या नावापुढे तोंड, घसा, अन्ननलिका आणि यकृत होतं. 2007 मध्ये त्यात मोठं आतडं आणि बायकांचा स्तन हेही जोडले गेले. इथे एक घोटाळा नेहमी होतो. पहिला गट म्हणजे पुरावा किती पक्का आहे याची प्रत. धोका किती मोठा आहे, हे त्यावरून कळत नाही. सिगारेट आणि बिअर एका यादीत आहेत म्हणून दोघींचा धोका सारखा, असा हिशेब करू नये.

आता हे घडतं कसं. दारू विलायती असो, देशी असो, वाईन असो की मोहाची, तिच्यात काम करणारा पदार्थ एकच, इथेनॉल. तो पोटातून रक्तात जातो आणि रक्त जिथे जातं तिथे पोहोचतो. शरीर त्याचं आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या रसायनात रूपांतर करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी पदार्थात. हे काम मुख्यतः यकृतात चालतं, पण थोडंफार स्तनाच्या पेशींतही होतं. हे मधलं रसायन पेशीतल्या डीएनएला चिकटतं, त्याची मोडतोड करतं आणि दुरुस्तीच्या कामातही अडथळा आणतं. पेशी एरवी अशी मोडतोड दुरुस्त करत असतात. रोज नवी भर पडत राहिली, की कधीतरी एखादी चूक तशीच राहून जाते.

दुसरी वाट हार्मोनची. दारूमुळे बाईच्या रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं. स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं ते ह्याचसाठी. दारूचा संबंध अशा गाठींशी जास्त घट्ट दिसतो. तिसरी गोष्ट म्हणजे दारू फोलेट ह्या जीवनसत्त्वाच्या शोषणात आडवी येते, आणि डीएनए नीट ठेवायला फोलेट लागतं. हिरव्या पालेभाज्यांतलं, गरोदरपणातल्या गोळ्यांतलं ते हेच.

बाई आणि पुरुष यांनी सारखीच घेतली तरी बाईच्या रक्तात दारूचं प्रमाण जास्त चढतं. तिच्या अंगात पाण्याचा अंश कमी असतो आणि वजनही बहुधा कमी असतं, त्यामुळे तीच दारू कमी पाण्यात मिसळते. सोसण्याच्या ताकदीशी किंवा सवयीशी याचा संबंध नाही.

मग धोका किती? इथे आकडे जपून वाचावे लागतात, कारण मोबाईलवर फिरणारे निम्मे मेसेज इथेच लोकांना घाबरवतात आणि उरलेले निम्मे इथेच थाप मारतात.

पन्नासहून अधिक अभ्यासांतली माहिती एकत्र करून 2002 साली जो हिशेब मांडला गेला, त्यात रोजच्या दर 10 ग्रॅम इथेनॉलमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. पण “7 टक्के वाढ” म्हणजे शंभरातल्या सात बायांना कॅन्सर होतो, असं नव्हे. मूळ धोका जेवढा, त्यात 7 टक्क्यांची भर. मूळ धोका लहान असेल तर भरही लहान.

अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे लोकांना आरोग्याबद्दल सल्ला देणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी जानेवारी 2025 मध्ये दारू आणि कॅन्सरवर एक जाहीर सूचना काढली. तिच्यात हेच डोकी मोजून सांगितलं आहे. आठवड्याला एकही पेला पुरा न घेणाऱ्या शंभर बायांपैकी सुमारे 11 जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. रोज एक पेला घेणाऱ्या शंभरात साधारण 13 जणींना आणि रोज दोन घेणाऱ्यांत 15 जणींना. अमेरिकेचा पेला 14 ग्रॅमचा. आकडे तिथल्या बायांचे आहेत; आपल्याकडे स्तनाच्या कॅन्सरचा मूळ धोका त्याहून बराच कमी आहे. पण जिना त्याच दिशेने चढतो, आणि पहिल्या पायरीपासूनच चढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये साफ सांगितलं की आरोग्याला सुरक्षित म्हणावी अशी दारूची कोणतीही पातळी नाही.

हे सांगितलं की उलट बाजूही सांगायला हवी. 2020 साली जगभरात दारूमुळे झालेले स्तनाचे कॅन्सर सुमारे 98,300 होते, आणि त्या वर्षी एकूण स्तनाचे कॅन्सर साडेबावीस लाखांच्या आसपास. म्हणजे शंभरात चार. उरलेल्या शहाण्णव जणींच्या बाबतीत वय, घराण्यातली जनुकं, पाळीचं आणि बाळंतपणाचं वय, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा बोट ठेवता येईल असं कारणच सापडत नाही. ज्या बाईने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही तिलाही हा कॅन्सर होतो. भारतात बायांच्या कॅन्सरमध्ये हाच आज पहिल्या नंबरवर आहे. 2022 सालच्या जागतिक अंदाजात भारतात त्याच्या सुमारे 1,92,000 नव्या केसेस धरल्या आहेत. आपल्याकडे त्यातला दारूचा वाटा जगाच्या मानाने कमीच असणार, कारण पिणाऱ्या बायाच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) पंधरा वर्षांवरच्या बायांत दारू घेतो म्हणणाऱ्या 1.3 टक्के निघाल्या, आणि पुरुष जवळपास 19 टक्के.

त्या 1.3 मध्ये मात्र मला एक मेख दिसते. सर्वेक्षणवाली ताई दारात उभी, घरात माणसं, आणि प्रश्न तोंडी. सातपुड्यातल्या पाड्यावरची बाई कदाचित सरळ हो म्हणेल, कारण तिच्याकडे त्यात लपवण्यासारखं काही नाही. जळगावच्या एखाद्या कॉलनीत शनिवारी रात्री नवऱ्याबरोबर दोन ग्लास घेणारी बाई ‘नाही’च म्हणेल.

ग्रॅमचा हिशेब आता आपल्या मापांत आणू, नाहीतर वरचं सगळं हवेत राहील. मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणायचं, शंभराने भागायचं आणि उत्तराला 0.8 ने गुणायचं, ग्रॅम मिळतात. विलायती दारूवर, म्हणजे व्हिस्की, रम, व्होडका यांवर, आपल्याकडे 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्यामुळे 30 मिलीचा छोटा पेग म्हणजे 10 ग्रॅम, 60 मिलीचा मोठा म्हणजे 20, आणि 180 मिलीची क्वार्टर म्हणजे साधारण 61 ग्रॅम. साध्या, 5 टक्क्यांच्या बिअरची 650 मिलीची बाटली 26 ग्रॅमची. स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांपर्यंत जाते, तिची तीच बाटली 41 ग्रॅमची. “बिअरच तर आहे” म्हणणाऱ्याने हे गणित एकदा करून पाहावं: स्ट्राँगची एक बाटली म्हणजे चार छोटे पेग. वाईनचा 150 मिलीचा ग्लास 14-15 ग्रॅम. रेड वाईन हृदयाला चांगली असते म्हणून सांगणारे पाहुणे प्रत्येक घराण्यात एखादे असतातच. स्तनाच्या पेशींना त्या वाईनमधलं इथेनॉल बिअरमधल्यासारखंच.

मोहाच्या दारूला लेबलच नाही. चैत्राच्या सुमाराला पहाटे गळलेली फुलं बायाच वेचतात, वाळवतात. मग ती पाण्यात काही दिवस आंबवायची, मडकं चुलीवर चढवायचं, वर थंड पाण्याचं भांडं ठेवायचं आणि वाफेचं पाणी होऊन थेंब थेंब पडेल ते धरायचं. पहिल्या धारेची सगळ्यात कडक. जसजसं मडकं उतरत जातं तसतशी नंतरची धार फिकी होत जाते. म्हणून एकाच भट्टीच्या, एकाच दिवसाच्या दोन ग्लासांत किती ग्रॅम आहेत ते कोणी सांगू शकत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडच्या बाईला “तुम्ही किती युनिट घेता?” असं विचारणं म्हणजे तिची चेष्टा आहे. कोणत्या भांड्याने, किती भांडी, आणि पहिल्या धारेची की नंतरची, असं विचारलं तर उत्तर मिळतं.

तिथे मोहाची दारू हा देवाचाही भाग आहे. देवाला धार टाकल्याशिवाय पूजा होत नाही, आणि होळीला, लग्नात, भोंगऱ्याच्या (होळीच्या सुमाराच्या आदिवासी बाजाराच्या) दिवसांत बायाही घेतात. वर्षातून अशा चार-सहा प्रसंगी घेणाऱ्या बाईची रोजची सरासरी काढली तर एक ग्रॅमच्या आसपास येईल, कदाचित त्याहून कमी. तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या धोक्यात त्याने फार फरक पडत नाही, आणि तिला घाबरवण्यात काही अर्थ नाही. काळजी तिची, जी आठवडी बाजाराच्या दिवशी घेते, किंवा रोज संध्याकाळी कामाचा शीण जावा म्हणून घेते.

जाता जाता आसव-अरिष्टांचं. बाळंतपणानंतर दशमूलारिष्ट, पाळीच्या तक्रारीला अशोकारिष्ट खान्देशात घरोघर दिलं जातं. ही औषधं आंबवून होतात, त्यामुळे त्यांत साधारण 5 ते 10 टक्के अल्कोहोल असतं. पण डोस चार चमचे. 20 मिलीमध्ये एक-दीड ग्रॅम. काही आठवडे घेतलं तर घाबरायचं कारण नाही. वर्षानुवर्षं दिवसातून दोनदा चालू असेल तर डॉक्टरांना तेवढं सांगावं.

आता प्रश्न विचारण्याकडे येऊ. आपल्या सरकारी व्यवस्थेत हा प्रश्न अजिबात नाही असं नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात, त्याला सगळे ‘सीबॅक’ म्हणतात. त्याच्या पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घराण्यातले आजार अशा सहा प्रश्नांना गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी न्यायचं. दुसऱ्या भागात लक्षणं आहेत, आणि बायांसाठी थेट विचारलेलं आहे: स्तनात गाठ आहे का, बोंडीतून रक्तासारखा स्राव येतो का, आकार बदललाय का. हा फॉर्म चांगला आहे असं माझं मत आहे. गाठ वेळेवर कळायला त्याचा उपयोग होतो, आणि आशाताईंनी तो भरून घेण्यासाठी किती उन्हं खाल्लीत ते तापी काठच्या कोणालाही विचारा.

त्यातला दारूचा प्रश्न मात्र असा: तुम्ही रोज दारू पिता का? हो म्हटलं तर एक गुण, नाही म्हटलं तर शून्य. आता फक्त रविवारी एक क्वार्टर संपवणारी बाई घ्या. तिचं उत्तर ‘नाही’, आणि ते खरंच आहे. पण 61 ग्रॅम सात दिवसांवर वाटले तर रोजचे जवळपास 9 ग्रॅम होतात, म्हणजे रोज एक छोटा पेग घेतल्यासारखंच. शनिवारी स्ट्राँगच्या दोन बाटल्या घेणारीची सरासरी रोजची 12 ग्रॅमच्या घरात जाते. दोघींच्या फॉर्मवर शून्य.

म्हणून दारूविषयी विचारायला जगभर जो छोटा संच वापरतात त्यात तीन प्रश्न आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’ चाचणीतले हे पहिले तीन. किती वेळा घेता? घेता त्या दिवशी साधारण किती घेता? आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त पेले होतील असं किती वेळा होतं? या चाचणीत पेला 10 ग्रॅमचा धरतात, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सहा पेले; त्यामुळे यांतला तिसरा प्रश्न त्या रविवारवाल्या बाईला बरोबर पकडतो.

हे तीन प्रश्न आणि त्यानंतरचा सल्ला माणसाऐवजी पडद्यावर दिला तर काय होतं, हे इंग्लंडमध्ये पाहिलं गेलं. साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनांच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायांना आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी एवढंच विचारलं की स्तनाच्या कॅन्सरचा धोका कशाकशाने वाढतो. 2019 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दारूचं नाव जेमतेम पाचातल्या एका बाईने घेतलं, आणि कर्मचाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी. हा असा देश, जिथे बायांनी वाईन घेणं म्हणजे आपल्याकडे चहा घेण्याइतकं साधं. तिथे ही अवस्था, तर आपल्याकडे माहिती असेल अशी अपेक्षा कशी करायची?

स्तनाचा दवाखानाच का निवडला, तर तिथे येणाऱ्या बहुतेक बायांना कॅन्सर नसतो. हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, लागलं तर सुईने तुकडा काढून तपास. एवढं झाल्यावर बहुतेकींना ‘साधी गाठ आहे, घरी जा’ असंच ऐकायला मिळतं. त्या दोन-तीन तासांत बाई स्वतःच्या शरीराबद्दल जितका विचार करते तितका एरवी वर्षभरात करत नाही. शेतात निंदणी अडलेली असते, मुलांची शाळा असते. एरवी स्वतःसाठी दवाखान्यात बसायला वेळ कुठे असतो?

डिजिटल सल्ल्याचं काम साधारण असं चालतं. बाकावर थांबलेल्या बाईच्या हातात टॅब्लेट देतात किंवा फोनवर लिंक येते. ती तीन-चार प्रश्नांची उत्तरं देते. मग पडदा तिच्याच उत्तरांवरून सांगतो की आठवड्याला हे इतकं होतं, तुझ्या वयाच्या इतर बायांच्या मानाने हे कुठे बसतं, यातून स्तनावर, वजनावर, झोपेवर काय परिणाम होतो. शेवटी तिलाच विचारतो की कमी करायचं आहे का, आणि कसं. आठवड्यातून दोन दिवस कोरडे? मोठ्याऐवजी छोटा पेग? घरात बाटली न ठेवणं? निवड तिची. उपदेश नाही, ‘सोडलीच पाहिजे’ नाही.

याने खरंच फरक पडतो का? 2017 मध्ये कॉक्रेन नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने अशा डिजिटल सल्ल्याच्या 57 अभ्यासांची एकत्र छाननी केली. सल्ला मिळालेल्या लोकांची दारू इतरांपेक्षा आठवड्याला सरासरी 23 ग्रॅमने कमी झालेली दिसली, म्हणजे साध्या बिअरची एक बाटली कमी. ऐकायला थोडं वाटतं. पण माणूस न लावता, शेकडो बायांना एकाच दिवशी देता येईल अशा गोष्टीकडून एवढं मिळणं मला वाईट वाटत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या स्तन-तपासणी केंद्रात चार मिनिटांची चित्रफीत दाखवून असाच प्रयोग झाला. बायांना दारू आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध कळला, तो चांगला लक्षातही राहिला. पण दारू कमी होणं चित्रफीत पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या अशा दोन्ही गटांत जवळपास सारखंच दिसलं. कदाचित नुसतं कोणीतरी विचारलं, याचाच परिणाम झाला असेल. तसं असेल तर आपल्या दवाखान्यांसाठी ती चांगलीच बातमी आहे, कारण विचारायला पैसे पडत नाहीत.

पडद्याचा मोठा फायदा मला वाटतो तो लाजेचा. समोर माणूस नसला की माणूस खरं बोलतो. पण इंग्लंडातलं अॅप मराठी करून धुळ्यात बसवलं तर ते पहिल्याच दिवशी पडेल. एक तर फोन. गावाकडे पुष्कळ घरांत फोन नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. बाईने दिलेली उत्तरं, नंतर आलेले ‘आज घेतली का?’ असे मेसेज त्याच्या हाती पडले तर घरात काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे टॅब्लेट दवाखान्याचाच हवा, उत्तरं झाली की पडदा पुसला जावा, आणि नंतरचे मेसेज बाईने मागितले तरच जावेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे, की माहिती कशासाठी घेतोय ते सांगा आणि संमतीने घ्या.

दुसरं म्हणजे बोली. वाचण्यापेक्षा ऐकण्यावर भर हवा, कानात हेडफोन हवा, आणि आवाज अहिराणीत, भिलीत, पावरीत हवा. शुद्ध मराठीतला ‘मद्यसेवन’ हा शब्द ऐकून तळोद्याची बाई तो आपल्याबद्दल आहे असं समजणारच नाही. मापं चित्रांत हवीत: क्वार्टर, बिअरची बाटली, स्टीलचा ग्लास, द्रोण. आणि सोबत मिश्री-तंबाखूचाही प्रश्न हवा, कारण तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये तंबाखू आणि दारू एकत्र आल्या की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. खान्देशातल्या बाईसाठी तो धोका स्तनाच्या धोक्याइतकाच जवळचा आहे.

नवऱ्याच्या दारूचं काय, असं बाया विचारतात. नवऱ्याने घेतल्याने बायकोच्या स्तनाचा धोका वाढत नाही; विडीच्या धुरासारखं ते नाकावाटे दुसऱ्याच्या अंगात जात नाही. मार, कर्ज, उपास हे त्याचे परिणाम वेगळे आणि मोठे आहेत. स्तनाच्या दवाखान्यातल्या टॅब्लेटने ते सोडवायला जाऊ नये.

ज्या बाईच्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा निघतो तिच्याशी मात्र भाषा बदलावी लागते. इंग्लंडातल्या त्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांनाही हीच धास्ती होती की बाईला दोष दिल्यासारखं होईल. ‘तुझ्या दारूमुळे झालं’ असं कोणीही म्हणू नये, कारण एका बाईच्या बाबतीत ते खरं आहे की नाही हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. शंभरातल्या त्या चार कोणत्या, हे नावानिशी ओळखता येत नाही. लिओंच्या संस्थेने 2023 मध्ये असंही तपासलं की दारू सोडल्याने धोका उतरतो का. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी पुरावा पुरेसा निघाला. स्तनासाठी पुरावा त्याच दिशेचा आहे, पण अजून मर्यादित आहे.

एक गोष्ट कोणत्याही अॅपच्या भरवशावर ठेवू नये, ती म्हणजे गाठ. दारू बंद केली, आता गाठ आपोआप जिरेल, असं होत नाही. गाठ दुखत नाही म्हणून थांबायचंही नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून वीस वर्षं, दीड लाखावर बायांना घेऊन अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, फिल्म नाही. तेवढी तपासणी गावातल्या उपकेंद्रावर मागून घेता येते.

आणि ज्यांची दारू रोजची आहे, त्यांनी लेख वाचून किंवा अॅप पाहून उद्यापासून एकदम बंद करू नये. रोज भरपूर घेणाऱ्या शरीरात अचानक बंद केल्यावर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, आणि दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो. यात जीवही जातो. औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवली तर हे टळतं. गाठीचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण दवाखान्यात भरती झाल्यावर दारू आपोआप बंद होते आणि त्रास नेमका ऑपरेशननंतर सुरू होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना एकटीने गाठून खरा आकडा सांगावा: किती, कोणती, शेवटची कधी. सासूला बाहेर थांबायला सांगा, असं नर्सताईंना म्हणता येतं. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हे दोन्ही नंबर मोफत आहेत.